हरिसाचा दर आणि हरिसाचा दर्जा

२१ डिसेंबरला काश्मीर खोऱ्यात ‘चिल्लई कलां’ हा कडाक्याच्या थंडीचा ४० दिवसांचा काळ सुरू होतो आणि श्रीनगरच्या जुन्या शहरात पहाटेच हरिसाच्या दुकानांसमोर गर्दी जमते. हाडे काढलेले मेंढीचे मटण, थोडा तांदूळ, बडीशेप, दालचिनी, वेलदोडे हे सारे लाकडाच्या मंद आचेवर रात्रभर शिजवून लगदा होईपर्यंत घोटायचे, वर कडकडीत तेल ओतायचे आणि ताज्या रोटीबरोबर खायचे, अशी ही न्याहारी. लेकीच्या सासरी हरिसा पाठवण्याची रीतही तेथे आहे.

त्याविषयी एकमत मात्र कशावरच नाही. कोणी त्याचे श्रेय मध्य आशियातून आलेल्या सूफींना देतो, कोणी मुघलांना. तांदूळ किती असावा, हिवाळ्याबाहेर तो विकावा का, यावरही वाद आहेत. मला हे वाद जिवंत परंपरेचे लक्षण वाटतात. वाद दराकडे वळतो, तेव्हा मात्र तो धोरणाचा विषय होतो.

खोऱ्याची मटणाची गरज स्थानिक मेंढ्यांवर भागत नाही. राजस्थान, पंजाबकडून मेंढ्या आणाव्या लागतात. बर्फाने वा दरडींनी महामार्ग बंद पडला की पुरवठा आटतो. १९७३च्या नियंत्रण आदेशानुसार अनेक दशके सरकार मटणाचा दर ठरवत असे. २०२३ मध्ये हे नियंत्रण उठले. ग्राहकांना यात लूट दिसते. व्यापारी म्हणतात, की कागदावरचा दर बाजारात कधी पाळलाच जात नव्हता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

हरिसाला भौगोलिक मानांकन मिळवून देणे हा एक उपाय मांडता येईल. त्याच कुळातील हैदराबादी हलीमला ते २०१० मध्ये मिळाले. पण मानांकनासाठी एक कृती प्रमाण ठरवावी लागते. मग शेजारच्या गल्लीतील, पिढ्यान्‌पिढ्या थोडा वेगळा हरिसा करणारा कारागीर नकली ठरणार का?

माझ्या मते सरकारचे काम वेगळेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये काश्मीरमध्ये सडलेल्या मांसाचे मोठे साठे पकडले गेले, तेव्हा लोकांचा विश्वासच डळमळला. रात्रभर घोटलेल्या मटणात मूळ मांस कसे होते, हे ग्राहकाला जिभेने कळत नाही. नियमित तपासणी, शीतसाखळीवर देखरेख आणि कत्तलखान्यांची स्वच्छता ही कामे सरकारच करू शकते. त्यात कुचराई झाली, तर तिची किंमत प्रामाणिक हरिसावाल्याला आधी मोजावी लागेल. दर बाजाराने आणि चव खवय्यांनी ठरवावी. हंड्यात पडणारे मांस निर्धोक आहे, ही हमी मात्र शासनानेच दिली पाहिजे.