पार आणि बाक

आमच्या भागातल्या बागेचे ‘सुशोभीकरण’ झाले आणि वडिलांचे तिथे जाणे थांबले. पिंपळाचा पार फोडून बुंध्याभोवती जाळी बसली, हिरवळीला कुंपण आले आणि भिंतीलगत एका ओळीत सिमेंटचे बाक. झाडे होती तेवढी आहेत. मग बिघडले काय?

झाडे दिसली की बरे वाटते, याला आधार आहे. रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदींवरून केलेला अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. पण ते झाडे नुसती पाहत होते. जागेचा लळा लागायला तिथे आपल्या मर्जीने बसता यावे लागते. विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून हेच टिपले. सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती जराशी सरकवतोच, पुष्कळदा विनाकारण!

पार हलत नाही, पण त्याच्यावर माणूस हलतो. ऊन फिरले की सरकायचे. तोंड कुणाकडे, पाठ कुणाकडे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ओळीतल्या बाकावर शेजाऱ्याशी बोलायला मान वळवावी लागते, आणि ऐंशीच्या घरात ती वळत नाही.

परवा वडील दिसले, दोन मित्रांसह, बागेसमोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर.