सुई टोचल्यावर शरीरात काय घडते?

ॲक्युपंक्चर घेतल्यावर कंबरदुखी किंवा मायग्रेन कमी झाल्याचे अनेक जण सांगतात. त्यांच्या अनुभवावर शंका घेण्याचे कारण नाही. घोळ आहे तो या आरामाच्या स्पष्टीकरणात, आणि तो भाविक व टीकाकार दोघेही घालतात.

“शरीरातल्या ऊर्जावाहिन्या तुंबतात, सुई त्या मोकळ्या करते.”

प्राचीन चिनी वैद्यकाने ‘ची’ नावाची प्राणशक्ती मानली आणि ती १२ मुख्य वाहिन्यांतून वाहते असे मांडले. आजच्या प्रमाणित यादीत ३६१ बिंदू आहेत. शवविच्छेदनात रक्तवाहिन्या दिसतात, लसीकावाहिन्या दिसतात, मज्जातंतू दिसतात. ‘ची’ची वाहिनी आजवर कोणाला खात्रीने दाखवता आलेली नाही. १९६० च्या दशकात उत्तर कोरियाच्या किम बोंगहान यांनी ती सापडल्याचा दावा केला होता, पण शरीरशास्त्राने तो स्वीकारला नाही. तरीही ही कल्पना पटते, कारण तिच्यामागे बारकाईचे निरीक्षण आहे. मनगटाच्या आतल्या बाजूचा, दोन स्नायुबंधांमधला ‘नेइगुआन’ बिंदू घ्या. त्याच्या बरोबर खालून हाताचा एक मोठा मज्जातंतू जातो. तिथे सुई खोल गेली की झिणझिण्या थेट बोटांपर्यंत पोहोचतात. काहीतरी ‘वाहिले’ असे वाटणे स्वाभाविकच आहे. जुन्या वैद्यांनी अनुभव अचूक टिपला. मज्जातंतूंचे कार्य मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

“हा सगळा मनाचा खेळ आहे, सुईने शरीरात काहीच होत नाही.”

हा गैरसमज सुशिक्षितांत जास्त आढळतो. सुई फिरवली की त्वचेखालच्या संयोजी ऊतींचे तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात; ती ओढताना जाणवणारा ताण मोजताही येतो. १९७७ मध्ये डेव्हिड मेयर आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या दातांत विजेने वेदना निर्माण करून अंगठा व तर्जनीमधल्या बिंदूवर सुई दिली. वेदना कमी झाली, पण नॅलॉक्सोन टोचताच तो परिणाम ओसरला. हे औषध अफूसारख्या द्रव्यांचा प्रभाव रोखते, म्हणजेच शरीराची स्वतःची वेदनाशामके, एन्डॉर्फिनसारखी द्रव्ये, इथे काम करत असावीत. २०१० मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात उंदराच्या गुडघ्याजवळ सुई फिरवल्यावर त्या जागी ॲडिनोसिन हे वेदना शमवणारे द्रव्य सुमारे २४ पट वाढले. हे द्रव्य ओळखणारा ग्राहक ज्या उंदरांत नव्हता, त्यांना आराम पडला नाही. अपेक्षेचा आणि विश्वासाचा वाटा मोठा आहे, हेही खरेच. पण विश्वासाने मिळणारा आरामसुद्धा मेंदूतल्या रसायनांतूनच येतो. त्याला ‘काहीच नाही’ म्हणणे चूक आहे.

“बिंदू जरा जरी हुकला, तरी उपचार वाया जातो.”

उपचारक बोटांनी चाचपत नेमकी जागा शोधतो, तेव्हा सगळी करामत त्या जागेतच असावी असे वाटते. जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांपैकी काहींना पारंपरिक बिंदूंवर, काहींना मुद्दाम भलत्याच जागी आणि वरवर सुया दिल्या. उरलेल्यांना औषधे, व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के रुग्णांना ठळक फरक पडला. सुयांनी नेहमीच्या उपचारांना मागे टाकले. ‘योग्य’ आणि ‘चुकीच्या’ जागेत मात्र जवळपास फरक उरला नाही. पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा खऱ्या सुया बनावट उपचारापेक्षा किंचित सरस ठरल्या. जागेला अजिबात अर्थ नाही असेही नाही. २०२१ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांच्या मागच्या पायात सुईतून सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा दाह कमी झाला; पोटावर तसाच प्रवाह देऊन तो कमी झाला नाही. कारण पायाच्या खोल थरात विशिष्ट मज्जातंतू आहेत, पोटाच्या थरात ते नाहीत.

“चीनमध्ये नुसत्या सुयांवर ऑपरेशन होते.”

या समजाचा उगम बहुतेक वेळा जेम्स रेस्टन यांच्या किश्शात सांगितला जातो. १९७१ च्या जुलैत ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या या पत्रकाराचे पेकिंगमध्ये अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. भूल नेहमीच्या इंजेक्शनची होती, आणि तसे त्यांनी स्वतःच लिहिले. सुया आल्या नंतर, पोट फुगून दुखू लागल्यावर: उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली. ऐकीव गोष्टीत हा क्रम पुसला गेला. २००६ मध्ये बीबीसीने दाखवलेल्या हृदयशस्त्रक्रियेतही सुयांच्या जोडीला गुंगीची औषधे, फेंटानिल हे वेदनाशामक आणि जागेवरची भूल होती.

“वेदना जाते, तर मधुमेह आणि थायरॉइडही जाईल.”

मज्जारज्जू आणि मेंदू वेदनेचे संदेश दाबू शकतात. ऑपरेशननंतरची मळमळ नेइगुआनवरच्या उपचाराने कमी होते, यालाही आधार आहे. पण स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या नष्ट झालेल्या पेशी या मार्गाने परत येत नाहीत. सुयांच्या भरवशावर इन्सुलिन थांबवणे जिवावर बेतू शकते.

“सरकारने कायदा केला, म्हणजे ‘ची’ सिद्ध झाली.”

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. असा कायदा उपचार कोणी करावा हे ठरवतो. शरीरातल्या वाहिन्या ठरवणे त्याच्या कक्षेत येत नाही. नोंदणीची गरज मात्र खरी आहे, कारण छातीवर खोल गेलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते आणि निर्जंतुक नसलेली सुई कावीळ ‘बी’ पसरवू शकते. उपचार घेताना सुईचे सीलबंद पाकीट आपल्यासमोरच फोडायला सांगावे.