धुके, विमान आणि उमराहचा प्रवास

नागपूर–इटारसी लोहमार्ग आमच्या कळमेश्वरवरून जातो. डिसेंबर लागला की दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावू लागतात. "उत्तरेत धुके आहे" हे वाक्य तेव्हा स्टेशनावर प्रत्येकाच्या तोंडी असते. गाडीच्या उशिराची आपल्याला सवय आहे. पण आता आपल्या मोहल्ल्यांतील कुटुंबे विमानानेही जाऊ लागली आहेत. कोणी उमराहला जातो, कोणी आखातात नोकरीला असलेल्या मुलाकडे, तर कोणी दिल्लीला उपचारासाठी. विमानाला धुक्याचा फटका कसा बसतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

आमच्या ओळखीतील एका कुटुंबाला तो जानेवारीत बसला. दादी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे उमराहला निघाली होती. शिलाई मशीनवर काम करून दादींनी कित्येक वर्षे पैसे साठवले होते. स्वस्त पडते म्हणून नागपूर–दिल्ली तिकीट एका कंपनीचे आणि दिल्ली–जेद्दा दुसऱ्या कंपनीचे काढले गेले. त्या सकाळी नागपूरला लख्ख ऊन होते, पण विमान दिल्लीहून यायचे होते आणि दिल्ली धुक्यात बुडाली होती. दुपारपर्यंत बसवून ठेवल्यावर उड्डाण रद्द झाले. जेद्दाचे विमान त्यांच्याविनाच गेले. पहिल्या कंपनीने भाडे परत केले. दुसऱ्या कंपनीच्या नोंदीत मात्र ते पाचही जण 'गैरहजर' ठरले. पुन्हा तिकिटे काढायला सुनेने बांगड्या मोडल्या.

आपल्याकडे ऊन असताना विमान का येत नाही? एकच विमान दिवसभरात चार-सहा फेऱ्या करते. पहाटे दिल्लीत अडकलेले विमान दिवसभराचे वेळापत्रक मोडते. त्यातच वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे. ती संपली की नवे वैमानिक येईपर्यंत थांबावेच लागते.

धुके धरते ते निरभ्र, वारा नसलेल्या थंड रात्री. जमीन निवते, जवळची ओलसर हवा गार होते आणि तिच्यातील बाष्पाचे बारीक थेंब बनतात. गंगेच्या मैदानात हे थर दाट असतात आणि सहसा ऊन तापल्यावरच विरतात. दिल्ली विमानतळावर 'कॅट-३ बी' यंत्रणा आहे. तिच्या साहाय्याने धावपट्टीवर जेमतेम ५० मीटरपर्यंतचे दिसत असतानाही विमान उतरवता येते. पण त्यासाठी विमान त्या यंत्रणेचे आणि वैमानिक त्यात प्रशिक्षित असावा लागतो. १४ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीतील दाट धुक्याने देशभरातील विमानसेवा कोलमडली होती. दुसऱ्याच दिवशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) कंपन्यांना प्रवाशांना वेळेवर माहिती देण्याबाबत नव्या सूचना दिल्या.

आपले हक्क नेमके काय? हवामानामुळे विमान रद्द झाले तर वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही. मात्र दुसऱ्या विमानात जागा किंवा पूर्ण पैसे परत, यांपैकी एक मागता येते. विमान रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवावा. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार करता येते. आपण स्वतः विमानाला पोहोचू शकलो नाही, तरी तिकिटातील सरकारी कर व विमानतळ शुल्क परत मिळते. हे पैसे बहुतेक जण मागतच नाहीत.

तिकीट काढतानाच काही गोष्टी पाहाव्यात. डिसेंबर-जानेवारीत शक्यतो मुंबई किंवा हैदराबादमार्गे जावे. दिल्लीमार्गेच जायचे असेल तर सर्व टप्पे एकाच पीएनआरवर घ्यावेत, म्हणजे पुढचे विमान चुकल्यास पर्यायी व्यवस्थेची जबाबदारी कंपनीवर राहते. वेगवेगळी तिकिटे घ्यावीच लागली तर एक दिवस आधी पोहोचावे. एजंटला "पीएनआर एक आहे की दोन?" असे सरळ विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. वृद्धांची औषधे, मुलांचे खाणे, एक गरम कपडा आणि चार्जर हातातल्या पिशवीतच ठेवावेत, कारण सामान एकदा आत गेले की ते लवकर हाती येत नाही.

उमराहच्या प्रवाशांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एहरामची चादर घरून किंवा विमानतळावर नेसता येते, पण एहरामची बंधने नियत आणि तलबियानंतर सुरू होतात. म्हणून नियत विमान मीकातजवळ येईपर्यंत करू नये, असा सल्ला आलिम देतात. विमान रद्द झाले तरी मग अडचण होत नाही. निघण्यापूर्वी आपल्या आलिमांकडून हे समजून घ्यावे.

हा प्रश्न येत्या काही वर्षांत अधिक जवळ येणार आहे. चांद्रवर्ष १०-११ दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आणि २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. २०३० मध्ये तर रमजान जानेवारीच्या आरंभी आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, असा दोनदा सुरू होईल. रमजानमधील उमराहची ओढ आपल्या घराघरांत आहे. तेव्हा तो प्रवास ऐन धुक्याच्या दिवसांत येईल. त्यात रोजा, गर्दी आणि वाढलेले भाडेही असेल.

आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. धुके आपल्या हाती नाही. तिकीट कसे काढायचे ते आहे. घरातील कोणी वयस्क आयुष्यभराची बचत घेऊन या सफरीला निघत असेल, तर शिकलेल्या मुला-मुलींनी त्यांच्यासोबत बसून तिकिटाचा कागद एकदा नीट वाचावा. तीही त्यांची खिदमतच आहे.