कोपऱ्यातला उंट

सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४. बुद्धिबळाच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीतला चौदावा, शेवटचा डाव. गुण ६.५–६.५, आणि पांढरी मोहरी गतविजेत्या डिंग लिरेनकडे, काळी आव्हानवीर गुकेशकडे. पण डिंगला जिंकायची घाई नव्हती. बरोबरी झाली की दुसऱ्या दिवशी जलद डाव होणार, आणि जलद खेळात पारडं त्याचंच जड मानलं जात होतं. म्हणून २९व्या चालीला त्यानं एक प्यादं चक्क सोडून दिलं, वजिरांची मारामारी करवली आणि पट रिकामा करत नेला. हिशेब चुकीचा नव्हता. अखेरीस दोघांकडे एकेक हत्ती आणि पांढऱ्या घरांवर फिरणारा एकेक उंट उरला; गुकेशची प्यादी दोन, डिंगचं एक, सगळी राजाच्या बाजूला. असा डाव ग्रँडमास्टर सहसा हरत नाही.

गुकेश मात्र खेळत राहिला. त्याला धोका काहीच नव्हता, आणि त्रास द्यायला पैसे पडत नाहीत.

५३व्या चालीला डिंगनं उंट ए-८च्या कोपऱ्यात नेला. तिथून तो लांबवर मारा करतो, पण हलायला एकच तिरकी वाट उरते. ५५व्या चालीला त्यानं हत्ती एफ-२वर आणून हत्तींची मारामारी पुढे केली. यातली चूक आपल्यालाही लगेच दिसली नाही, असं गुकेशनं नंतर सांगितलं. दिसल्यावर सगळं सोपं होतं: हत्ती मारायचा, डिंगचा राजा उलट मारणार, मग ई-५वरच्या आपल्या राजाच्या जोरावर काळा उंट डी-५वर, त्या एकमेव वाटेवरच आणून बसवायचा. पांढरा उंट बी-७वर गेला तरी मेला, सी-६वर गेला तरी मेला. समोरचा उंट मारून स्वतः मरणं एवढंच त्याच्या हाती. तो दुसऱ्या एखाद्या तिरप्या रेघेवर असता, तर हत्ती गेल्यावरही डाव बरोबरीत सुटला असता.

नंतर डिंगच्या त्या हत्तीच्या चालीला घोडचूक म्हणून बरीच नाकं मुरडली गेली. घोडचूक होतीच, पण बरोबरीच्या डावात ती व्हायला समोरच्याला तोवर बसून राहावं लागतं.

आता पटावर फक्त राजे आणि प्यादी. उंट मारायला डी-५वर गेलेला गुकेशचा राजा ५८व्या चालीला परत ई-५वर आला. समोर ई-३वर डिंगचा राजा, मध्ये एकच घर, आणि चाल डिंगची. वाट सोडावी लागणार होती ती त्यालाच. त्यानं डाव सोडला.