बाळाची काळजी आणि तिचे मोजमाप

घरी नातवंड जन्मले की आजी-आजोबांनो, तुमचा अनुभव मोलाचा ठरतोच. त्याला मोजमापाची जोड द्यावी. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला. यश किती भेटी झाल्या यावर नव्हे, तर किती बाळे जगली यावर जोखले. म्हणून तुलनेसाठी अन्य ४७ गावांतील जन्म-मृत्यूही नोंदले. तिसऱ्या वर्षी तुलनेने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता.

आज आशाताई घरी आल्या की बाळाचे वजन व तापमान नोंदवून घ्या. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० वा अधिक भरल्यास पुन्हा मोजा. तितकेच भरल्यास, किंवा बाळ दूध ओढेनासे झाल्यास, विनाविलंब रुग्णालय गाठा.