जंगल सहलीनंतरचा ताप

उन्हाळ्याच्या सुटीत ताडोबा, कमलापूरचा हत्ती कॅम्प, हेमलकसा अशी तीन-चार दिवसांची सहल अनेकजण गाडी करून काढतात. सोबत गाईड असला तरी प्रकृतीची काळजी ज्याची त्यानेच घ्यावी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. गडचिरोलीत मेंदूपर्यंत जाणारा फॅल्सिपेरम हिवताप आढळतो. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, रात्री मच्छरदाणीतच झोपावे. डास चावल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांनी ताप येतो. तोवर सहल विसरलेली असते. म्हणून परतल्यावर महिनाभरात थंडी वाजून ताप आल्यास तो अंगावर काढू नये. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि आपण जंगलात जाऊन आलो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.