चिखलातील सायकल-शर्यत : नवशिक्यांनी काय शिकावे?

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत तरुण मंडळींच्या उपयोगाचा व्यायामविषयक एखादा लेख असावा, या हेतूने आम्ही हा विषय निवडला आहे. पीपलरावांसारख्या गावी सायकल चालविणे कोणाला शिकवावे लागत नाही. परगावच्या शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मध्य प्रदेश शासनाच्या योजनेतून सायकली मिळतात, त्यामुळे मुलींच्या हातीही सायकल आली आहे. या साध्या सायकलीवरच ज्याचा श्रीगणेशा करता येईल, असा एक खेळ म्हणजे सायक्लोक्रॉस.

सायक्लोक्रॉस म्हणजे गवत, चिखल, वाळू नि चढ-उतार यांतून होणारी सायकलींची शर्यत. अडीच ते साडेतीन किलोमीटरच्या वाटोळ्या मार्गावर स्पर्धक फेऱ्यावर फेऱ्या घेतात. वाटेत सुमारे ४ मीटर अंतरावर दोन आडव्या फळ्या असतात; त्यांची उंची ४० सेंटिमीटरपर्यंत असते. तेथे बहुतेक जण उतरतात, सायकल उचलतात, फळ्या ओलांडतात व पुन्हा स्वार होतात. पहिल्या प्रतीच्या पुरुषांची शर्यत सुमारे तासाभराची असते.

या खेळाचा उगम फ्रान्समधला. तेथे १९०२ साली दानियेल गूसो यांच्या पुढाकाराने पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९१० साली ‘टूर द फ्रान्स’ जिंकणाऱ्या ऑक्ताव लापीझ याने आपल्या यशाचे श्रेय हिवाळ्यातील या सरावाला दिले, तेव्हा इतरांचे लक्ष तिकडे वळले. १९५० साली पॅरिस येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती झां रोबिक याने जिंकली. स्त्रियांची जागतिक स्पर्धा सुरू होण्यास मात्र २००० साल उजाडावे लागले.

आता आपल्या माळव्याकडे वळू. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून अशी चिकट होते की, टायर व मडगार्ड यांच्यामध्ये तिचा गोळा बसून चाक जागीच अडते. मग सायकल ढकलावी किंवा उचलावी लागते. हा त्रास आपल्याकडे कोणाला नवा नाही. सायक्लोक्रॉसमध्ये हेच एक कौशल्य मानतात. चिखलात अडकून पायडल मारीत बसणाऱ्यापेक्षा वेळेवर उतरून धावणारा तेथे पुढे जातो. म्हणून नवशिक्याने वेगाच्या मागे न लागता प्रथम उतरणे व चढणे शिकावे, असे आमचे सांगणे आहे.

सरावापूर्वी मडगार्ड, कॅरिअर व स्टँड काढून ठेवावेत. कॅरिअर असला तर मागून पाय टाकताना तो अडखळतो आणि पडण्याची भीती असते. टायरमधील हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी, म्हणजे मऊ जमिनीवर पकड मिळते. फार कमी केल्यास मात्र दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते. दोन्ही ब्रेक नीट लागतात की नाही, हे आधी पाहावे.

उतरण्याचा क्रम असा. वेग कमी करून उजवा पाय सीटच्या मागून डाव्या बाजूस आणावा. क्षणभर सारा भार डाव्या पायडलवर राहील. उजव्या हाताने आडवी दांडी धरावी, उजवा पाय डाव्या पायाच्या मागे जमिनीवर टेकवावा व लगेच डावा पाय सोडून धावू लागावे. डावीकडेच उतरण्याचे कारण हे की, साखळी व दातेरी चक्र उजवीकडे असते. पाय त्यापासून दूर राहतो.

चढताना दोन्ही हात हँडलवर ठेवावेत, डाव्या पायाने रेटा देऊन उजव्या मांडीची आतील बाजू सीटवर टेकवावी व सरकत बसावे. हे प्रथम चालता-चालता गवतावर करावे. साधल्यावरच धावत करावे.

लांब चिखल लागला तर दांडी उजव्या खांद्यावर घेतात. उजवा हात चौकटीच्या खालच्या नळीखालून पुढे काढून हँडलचे डावे टोक धरावे, म्हणजे पुढचे चाक हलत नाही आणि डावा हात मोकळा राहतो. मात्र शर्यतीची सायकल सुमारे ८ किलोची असते, तर आपली साधी सायकल २० किलोच्या आसपास. म्हणून कोवळ्या वयाच्या मुलांनी ती खांद्यावर न घेता ढकलावी. ज्या सायकलीला आडवी दांडी नाही, ती हँडल व सीट धरून थोडीशीच उचलावी.

वळणापूर्वी ब्रेक लावावा, वळणात लावू नये. बाहेरच्या बाजूचे पायडल खाली ठेवून त्यावर भार द्यावा आणि जेथे जायचे तेथे नजर ठेवावी. वाळूत हँडल घट्ट आवळू नये. पाय सतत फिरते ठेवावेत.

आठवड्यातून तीन दिवस, पाऊण-पाऊण तास, एवढा सराव आरंभी पुरे. पहिला महिना केवळ उतरणे, चढणे व वळणे यांस द्यावा. फळ्यांऐवजी प्रथम जमिनीवर दोरी ठेवावी, पुढे वीतभर उंचीची हलकी काठी. दुसऱ्या महिन्यात एक मिनिट जोराने व तीन मिनिटे सावकाश, अशी पाच आवर्तने करावीत. मधल्या दिवशी विश्रांती चुकवू नये. हेल्मेटशिवाय सराव करू नये. नवशिक्याच्या पडण्यात खांद्याचे हाड व डोके यांनाच धोका अधिक.

जागेविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सोयाबीन निघाल्यावर व गहू-हरभरा पेरण्यापूर्वी शेते थोडे दिवस मोकळी असतात. पण ती कोणाच्या तरी मालकीची असतात. परवानगीवाचून तेथे जाऊ नये, बांध मोडू नये, पेरलेल्या जमिनीत चाक घालू नये. पोराने उभे पीक तुडविले तर गावात हा खेळ दुसऱ्या दिवशीच बंद होईल, आणि ते योग्यच होईल. शाळेचे मैदान विचारून मिळाले तर उत्तम.

घरी परतल्यावर चिखल वाळण्यापूर्वी काडीने काढावा, साखळी पुसून तेल द्यावे. दुसऱ्या दिवशी त्याच सायकलीवर शाळेत जायचे असते.